क्वालिसचं इंजिन: इथेच बांधून घ्यावं की जपानहून आलेलं जुनं बसवावं?

चोपडेकर

नमस्कार मंडळी,

गाडी टोयोटा क्वालिस, २००४ चं मॉडेल, एमएच-१९ पासिंग. वडिलांनी नवी घेतली तेव्हापासून घरातच आहे. साडेतीन लाख किलोमीटर होऊन गेलेत. घरात दुसरी छोटी गाडी आहे, पण लग्नकार्याला आठ-दहा माणसं न्यायची असली किंवा चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचं असलं की हीच निघते. केळीच्या हंगामात शेतावरही हीच. विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, तेव्हा तो पर्याय कृपया बाजूला ठेवा.

तक्रारी अशा: थंडीत सकाळचं स्टार्टिंग जड झालंय, दोन-तीनदा हीटर द्यावा लागतो. सुरू झाली की थोडा वेळ निळसर-पांढरा धूर मारते. ऑइल हजार किलोमीटरला लिटरभर खाते. मागच्या मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल रेषेला लागला. बाजूला घेऊन थंड केली, पाणी भरलं, कशीबशी घरी आणली. तेव्हापासून रेडिएटरमध्ये वरचेवर पाणी घालावं लागतं आणि चढावर पिकअप राहिलेला नाही.

आता दोन सल्ले समोर आहेत. जळगावला अजिंठा चौफुलीकडचे आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणतात फुल इंजिनकाम करू, म्हणजे सगळं खोलून परत बांधू, लाख-सव्वा लाख धरून चाला, गाडी वीसेक दिवस ठेवावी लागेल. सुरतेचा एक व्यापारी म्हणतो, जपानहून आलेलं टू-एल इंजिन (क्वालिसला येतं तेच) तयार आहे, "फक्त साठ हजार चाललेलं", ८० हजारांत देतो, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. इंजिन जमिनीवर ठेवून चालू केल्याचा व्हिडिओही पाठवला. आवाज खरोखर छान होता.

वडिलांचा कल जळगावकडे, धाकट्या भावाचा सुरतेकडे. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

लेथवाला, भुसावळ

दादा, माझा धंदाच बोअरिंग (झिजलेले सिलिंडर कोरणं) आणि क्रँक ग्राइंडिंगचा (क्रँकशाफ्ट घासणं), त्यामुळे मी कुठल्या बाजूचा हे वेगळं सांगायला नको. तरीही आज तुम्हाला "बांधून घ्या" असं म्हणणार नाही, कारण तुमच्या पोस्टमध्ये एकही माप नाही. धूर, पिकअप, ऑइल ही लक्षणं झाली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते कोणी मोजलं का?

टू-एलचं कॉम्प्रेशन हीटर प्लगच्या भोकातून मोजतात. इंजिन गरम करायचं, चारही हीटर प्लग काढायचे, पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून डिझेल बंद करायचं, अॅडॅप्टर लावून एकेक सिलिंडर स्टार्टरवर फिरवायचा. बॅटरी चांगली चार्ज असू द्या, स्टार्टर हळू फिरला तर आकडा खोटा येतो. नवं इंजिन ३० च्या वर दाखवतं, किलो प्रति चौरस सेंटिमीटर. २० च्या खाली गेलं की संपलं. आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी यांच्यात ५ पेक्षा जास्त फरक नको.

त्याच भोकातून मग कॉम्प्रेसरची हवा सोडायची, पिस्टन टॉपला ठेवून. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर दोष पिस्टनच्या रिंगा आणि बोअरचा (सिलिंडरच्या भोकाचा). सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड (सिलिंडरवरचं झाकण).

अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते झाल्यावर बोलू.

---

धुळेकर जीपवाला

माझं मत थोडं वेगळं पडेल. मी जीपला जपानी इंजिन बसवलंय आणि समाधानी आहे, म्हणून बाजू मांडतो.

आपल्याकडे हे नवं नाही. नव्वदच्या दशकात अँबॅसॅडर आणि जीपला टोयोटा, इसुझूची जुनी डिझेल इंजिनं बसवायची लाटच होती. कॉन्टेसाला तर कंपनीनेच इसुझूचं इंजिन दिलं होतं. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, सगळा माल तिथून यायचा आणि आमच्या आग्रा रोडवर बसायचा. त्या गाड्या लाखो किलोमीटर चालल्या.

माझा मुद्दा असा की जपानी इंजिन कारखान्यात बांधलेलं असतं. क्लीअरन्स, टॉर्क, स्वच्छता सगळं एका शिस्तीत. आपल्याकडे इंजिन बांधताना बाजूला कोणीतरी ग्राइंडर मारत असतो, त्याचा कण बेअरिंगमध्ये गेला की नवीन क्रँकला रेघ. बांधलेलं इंजिन वीस हजारांत परत धूर मारायला लागलं, अशी उदाहरणं धुळ्यात हवी तितकी दाखवतो. मेकॅनिक वाईट नसतात, पण टॉर्क रेंच न वापरता हाताच्या अंदाजाने हेड कसणारे अजूनही आहेत.

फक्त एक, इंजिन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मी स्वतः जाऊन ऑइल पॅन खोलायला लावला होता, एक बेअरिंग कॅप उघडून बघितली, तेव्हा व्यवहार केला.

---

शिरपूरना भाऊ

दादा, पहिले तुमना रेडिएटर दखा. मना रेडिएटर कपाशीना रुईघाई भरेल व्हता अन् मी इंजिन खोलाले निंघनू व्हतू.

सगळ्यांना समजावं म्हणून आता मराठीत लिहितो. माझीही क्वालिस. बिजासन घाटात सेंधव्याकडे चढताना हमखास गरम व्हायची. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसायचा. शेवटी एसीचा कंडेन्सर पुढे ओढून मधल्या फटीत टॉर्च मारला तेव्हा दिसलं. जिनिंगच्या रस्त्यावरची रुई, मळणीचा भुसा आणि ऑइलचा ओलावा मिळून बोटभर जाडीचा नमदा झाला होता. पाण्याचा फवारा समोरून मारला की तो आणखी घट्ट बसतो, मागून, म्हणजे फॅनच्या बाजूने पुढे मारावा लागतो. आतल्या नळ्याही बोअरच्या पाण्याने पांढऱ्या झाल्या होत्या. आपल्याकडचं पाणी जड, वर्षानुवर्षं तेच ओतत गेलं की खवले धरतात.

रेडिएटर नवा टाकला, फॅनचं व्हिस्कस कपलिंग बदललं, थर्मोस्टॅट बदलला. घाटात काटा हलत नाही. तुमचं पाणी कमी होतंय म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं असू शकतं, पण जपानी बसवा की बांधा, रेडिएटर जुनाच ठेवलात तर पुढच्या मे महिन्यात नवीन इंजिनही तसंच भाजेल.

---

तापीकाठ

अमळनेरची आहे, पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते. धुळेकर दादांचा कारखान्याच्या शिस्तीचा मुद्दा बरोबर आहे, तो कोणी उडवून लावू नये. पण तो इंजिन नवं असताना खरा. सुरतेचं इंजिन किती जुनं आहे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

जपानमधून चालू स्थितीतली इंजिनं इतकी का निघतात ते आधी बघू. तिथे 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या प्रवासी गाडीला पहिली ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी. खर्चिक असते, त्यामुळे गाडी जुनी झाली की अनेक लोक ती पास करून घेण्यापेक्षा काढून टाकतात. दुसरं कारण डिझेलचं. २००१ मध्ये तिथला नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकणांचा कायदा कडक झाला आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तोक्यो आणि शेजारच्या प्रांतांमध्ये धूलिकणांचं मानक न पाळणाऱ्या जुन्या डिझेल ट्रक-बसना रस्त्यावर बंदी आली. त्या काळात चांगली चालणारी डिझेल इंजिनं ढिगाने बाहेर पडली. त्याआधी नव्वदच्या दशकात लोकांनी बसवलं तेही असंच, फार वय न झालेलं होतं.

आज मिळणारं टू-एल मात्र ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या हायलक्स किंवा हायएसमधलं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे तुमच्या २००४ च्या इंजिनापेक्षा वयाने मोठं. किलोमीटर कमी असतील असं धरलं तरी रबराची सीलं, गॅस्केट, टायमिंग बेल्ट वयानेच कडक होतात. जहाजात आणि गोदामात पडून राहिलेल्या इंजिनाचे एक-दोन व्हॉल्व्ह उघडेच असतात, त्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो. आणि "साठ हजार" हा आकडा मीटरवर असतो, इंजिनावर कुठेही कोरलेला नसतो.

आणखी, सगळी टू-एल सारखी नाहीत. जुन्या टू-एलला रॉकर आर्म येतात, नंतरच्याला कॅम थेट बकेटवर बसतो आणि शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) असतात. टर्बोवालं टू-एल-टी वेगळं, इलेक्ट्रॉनिक पंपवालं टू-एल-टीई आणखी वेगळं. ऑइल पॅनचा आकार, माउंटिंग, फ्लायव्हील यांत फरक निघतो. जपानमधल्या छोट्या ट्रकांना पुष्कळदा २४ व्होल्टची वायरिंग असते, तिथून आलेलं असेल तर स्टार्टर आणि हीटर प्लग तुमच्या १२ व्होल्टवर चालणार नाहीत. तुमच्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, म्हणून अल्टरनेटर तुमचाच लावायचा. "दोन दिवसांत रस्त्यावर" या वाक्यात हे काहीच मोजलेलं नाही.

---

धुळेकर जीपवाला

ताई, वयाचा मुद्दा मान्य. मी बसवलं त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हाचा माल आणि आजचा माल यात फरक पडलाय हे मीही बाजारात ऐकतो. तरी ज्यांचा ब्लॉकच फुटलाय, कनेक्टिंग रॉड बाहेर आलाय, त्यांना दुसरा मार्ग काय? तिथे आयात इंजिन लागतंच.

---

तापीकाठ

तिथे नक्कीच. ब्लॉक गेला किंवा क्रँक मोडला तर मीही आधी तेच शोधेन, पण पायाभूत सांगाडा म्हणून घेईन, खोलून मोजूनच बसवेन. निदान टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं पुढचं-मागचं सील, थर्मोस्टॅट आणि हेड गॅस्केट बदलल्याशिवाय चेसिसवर चढवू नये. मागचं सील इंजिन बाहेर असताना शंभर रुपयांच्या मजुरीचं, बसवल्यावर गळलं तर गिअरबॉक्स उतरवायचा. ही यादी ८० हजारांत मिळवून बघा.

---

कागदपत्रं, नंदुरबार

सगळे नटबोल्टवर बोलताहेत, आरसीचं कोणीच बोललं नाही. चोपडेकर, इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तुमचं इंजिन बोअर करा, क्रँक घासा, हेड नवं टाका, नंबर तोच राहतो. आरटीओत जायची गरज नाही. दुसरं इंजिन बसवलं की नंबर बदलला, आणि तिथून मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी मंजुरी हवी, आणि बदलल्यावर १४ दिवसांत आरसी घेऊन कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असा निकाल दिल्यापासून यात ढिलाई कमी झालीय. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीने चालतं. व्यापारी "टू-एल नाही, पण थ्री-एल देतो, ताकद जास्त" म्हणाला तर तिथेच थांबा. टू-एल २४४६ सीसी, थ्री-एल २७७९ सीसी, आरसीवर सीसी लिहिलेले असतात.

परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी अडचण पुढे येते. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तपासणीत चेसिस आणि इंजिन नंबर बघतात. जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच नंबर बघते.

व्यापाऱ्याकडे पक्कं जीएसटी बिल मागा, त्यावर इंजिन नंबर हवा. सोबत आयातीच्या बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. वापरलेले सुटे भाग परदेशातून आणायला परवाना लागतो, तो असलेला माणूस कागद द्यायला कचरत नाही. "कच्चं बिल चालेल का" असं विचारलं की समजून जा.

---

सावदेकर

सुरतेचे लोक वॉरंटी देतात ती कसली, हे कोणी सांगेल का? मला एकाने "स्टार्टिंग वॉरंटी" म्हटलं होतं.

---

लेथवाला, भुसावळ

बसवल्यावर इंजिन चालू होईल, इतकीच ती. ऑइल खाल्लं, गरम झालं, प्रेशर कमी आलं तर त्यात बसत नाही. बदलून दिलं तरी उतरवायची-चढवायची मजुरी आणि सुरतेचं भाडं तुमचं. इथल्या मेकॅनिककडे तक्रार घेऊन आपण सकाळी चहाच्या वेळेला जाऊन उभे राहतो, हा फरक मोठा आहे.

---

चोपडेकर

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. व्यापाऱ्याकडे बिल ऑफ एंट्री मागितली, त्याने दोनदा विषय बदलला आणि नंतर फोन उचलला नाही. भावानेच मग सुरतेचा विषय सोडला.

जळगावला जाऊन कॉम्प्रेशन मोजून घेतलं, मी स्वतः शेजारी उभा होतो. पहिला २५, दुसरा २४, तिसरा १७, चौथा २४. हवा सोडल्यावर तिसऱ्याला रेडिएटरमध्ये भरपूर बुडबुडे. बाकी तिघांना ऑइलच्या झाकणातून थोडी फुसफुस, मेकॅनिकच्या मते "वयाच्या मानाने". आता गोंधळ असा की काम फक्त हेडचं आहे की पूर्ण? हेड-गॅस्केट करून गाडी चालवावी का?

---

लेथवाला, भुसावळ

झकास. आता बोलण्यासारखं काहीतरी हातात आलं. तिसरा सिलिंडर हेडने मारलाय, हे जवळपास नक्की. कन्नड घाटात जे झालं त्याचाच परिणाम. बाकीचे २४-२५ म्हणजे मधल्या वयाचे, चालण्यासारखे. पण हजाराला लिटर ऑइल हेडमुळे जात नाही, फार तर व्हॉल्व्ह सीलमुळे काही जाईल.

हेड उतरवा आणि दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. पहिली हेडची. लोखंडी पट्टी आडवी-तिरपी ठेवून फटीत फीलर (मापाची पातळ पट्टी) घाला, वाकलंय का कळेल. मग कार्बन साफ करून लाल डाय मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. भेग असली तर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये किंवा चेंबरच्या तोंडाशी लाल केसासारखी उमटते.

दुसरी बोअरची. सिलिंडरच्या वरच्या कडेपासून खाली नख फिरवा. जिथपर्यंत वरची रिंग येते तिथे पायरी लागते. पायरी नखाला नुसती कळली तर होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) आणि रिंगांवर भागतं. नख अडकलं तर बोअर करायचं. नखाचा अंदाज झाल्यावर बोअर गेजने वर-मध्ये-खाली, आडवं-उभं माप घ्या. दोन दशांश मिलीमीटरच्या वर झीज असेल तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे फुकट. नवीन रिंग लंबगोल बोअरमध्ये बसतच नाही.

अर्धं काम करून हेड तेवढं नवं टाकलंत तर वर कॉम्प्रेशन वाढतं, खालच्या जुन्या रिंगांवर आणि बेअरिंगवर भार येतो. पुष्कळांना असं करून सहा महिन्यांत परत इंजिन उतरवावं लागलंय. म्हणून खालचं माप घेतल्याशिवाय वरचं काम करू नका.

---

रावेर लेवा

एक वेडा प्रश्न. दीड लाख घालण्यापेक्षा तेवढ्यात दुसरी चालू क्वालिस मिळत नाही का?

---

चोपडेकर

मिळते, पण तीही वीस वर्षांची, २००५ नंतर क्वालिस बनलीच नाही. तिचं इंजिन कोणत्या अवस्थेत आहे हे परत मोजावंच लागेल. या गाडीचा पत्रा, डिफरन्शियल, गिअरबॉक्स कुठे काय केलंय ते आम्हाला माहीत आहे.

हेड उतरवलंय. तिसऱ्याच्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये भेग स्पष्ट दिसली, डाय मारायच्या आधीच. बोअरला माझं स्वतःचं नख लावलं, पहिल्या आणि चौथ्याला चांगलं अडकलं. गेजवर वरच्या बाजूला पाव मिलीमीटरच्या आसपास झीज आली. क्रँकवर फार नाही, पण एका जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) बोटाला लागेल अशी रेघ आहे. मेकॅनिक म्हणतात हेडला वेल्डिंग करून देतो, नवं हेड चाळीस हजारांच्या घरात जातंय. काय करू?

---

तापीकाठ

व्हॉल्व्हच्या मधली जागा हा हेडचा सगळ्यात तापणारा भाग. तिथलं वेल्डिंग चांगल्या हाताने झालं तरी पुढच्या उन्हाळ्यात परत उघडण्याची धास्ती राहते, आणि ते उघडलं की पाणी ऑइलमध्ये. मग नवे बेअरिंग, घासलेला क्रँक, सगळं गेलं. एवढा खर्च होत असताना तिथे काटकसर करू नका. जुनं आयात हेड स्वस्त मिळेल, पण तेही कुठल्या तरी घाटात तापलेलंच असू शकतं. नवंच घ्या, आणि नवं असलं तरी प्रेशर टेस्ट करून घ्या.

बोअर आणि क्रँकचं माप तुम्ही सांगितलंत त्यावरून फुल इंजिनकामच. बोअर पुढच्या ओव्हरसाईझला (मोठ्या पिस्टनच्या मापाला), क्रँक ०.२५ मिलीमीटर घासून त्याच मापाचे बेअरिंग. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पिस्टन विकत घ्या, मग प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायला द्या. डब्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवून आधी बोअर करू नका. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात, त्यात ऑइल टिकतं. नंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुवा. डिझेलने धुतल्यावर होनिंगची पूड बोअरला चिकटून राहते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवायचं.

---

धुळेकर जीपवाला

ताईंनी जे धुण्याचं लिहिलंय ते प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावा. माझा सगळा आक्षेप याच गोष्टीवर होता. असं काम होणार असेल तर मीही बांधायलाच सांगेन.

बेअरिंग आणि रिंगा घेताना नकली मालापासून जपा. ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, डबा मेकॅनिककडे जाण्याआधी स्वतः उघडून बघा. आणि डिझेल पंप व नोझल विसरू नका. पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या. गळणारं नोझल नव्या पिस्टनच्या डोक्याला भोक पाडतं.

---

शिरपूरना भाऊ

अन् रेडिएटर, दादा!

---

चोपडेकर

रेडिएटर नवाच घेतला, भाऊ. जुन्याच्या आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत तुम्ही सांगितला तसाच नमदा निघाला.

इंजिन बांधून झालं, काल चेसिसवर चढलं. सगळा हिशेब हेडसकट दीड लाखाच्या थोडा आत बसला. बोअरिंग, ग्राइंडिंग आणि मजुरी मिळून जेवढी झाली त्याच्या कितीतरी पट पैसे सामानाला गेले, हे मला अपेक्षित नव्हतं. मेकॅनिकनी टॉर्क रेंच आमच्यासमोर वापरला आणि रिंगांचा गॅप बोअरमध्ये घालून एकेक मोजून दाखवला. पहिल्या सेल्फला सुरू झाली. वडील म्हणतात गाडी दोन दिवस अंगणात उभीच चालू ठेवावी, म्हणजे इंजिन "मोकळं" होईल. तसं करू का?

---

लेथवाला, भुसावळ

नको, उभी चालू अजिबात ठेवू नका. काकांना नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. रिंगा बोअरवर बसायला दाब लागतो, आणि दाब भार दिल्याशिवाय येत नाही. उभ्या गाडीत तासन्‌तास चालवलं तर बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, होनिंगच्या रेघा बुजतात आणि ऑइल खाण्याची सवय जन्माची लागते. मोकळ्या रस्त्यावर काढा, चोपडा-यावल रस्ता चालेल. ४० ते ६० च्या वेगात ठेवा, पेडल थोडं दाबा, सोडा, परत दाबा. एकाच वेगाने लांब पल्ला नको, घाट नको, दहा माणसं नकोत, एसीही पहिले काही दिवस नको.

पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढा, साधं मिनरल १५डब्ल्यू-४० पुरे, सिंथेटिक आत्ता घालू नका. फिल्टरही तेव्हाच बदला आणि जुना फिल्टर कापून कागदात चमचम दिसते का बघा. थोडी बारीक चमक चालेल, नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर गाडी बंद करून फोन करा. दुसरं ऑइल दोन हजाराला. हजार किलोमीटर झाले की टॅपेट क्लीअरन्स (व्हॉल्व्हची फट) मोजून घ्या, शिमवालं इंजिन असल्याने ते आपोआप जुळत नाही. कूलंटमध्ये बोअरचं पाणी एक थेंबही नको, डिस्टिल्ड वॉटर मिसळा. झाकण थंड इंजिनावरच उघडा, आठवडाभर रोज सकाळी पातळी बघा आणि वहीत लिहा.

गडावर चैत्रात न्या, तोवर दोन हजार होऊन जातील.